चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, मग नावच का आठवत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चेहरा पाहताक्षणी ओळखीचा वाटतो, फोनवर नुसत्या 'हॅलो'वरून माणूस कळतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. मग मेंदू चेहरे, आवाज आणि वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो का, की तुमच्याच स्मरणशक्तीत दोष आहे?

दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. या विषयाचं वाचन सुरू झालं ते वडिलांमुळे.

सहा वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणंही शाबूत राहिलं. चार-पाच दिवसांनी मी त्यांच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिलो, तर ते माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले. "बाबा, बरं वाटतंय का?" असं मी विचारलं मात्र, त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, तू होय! कधी आलास?" त्यांना माझे डोळे दिसत होते, नाक दिसत होतं, मी काळजीत आहे हेही कळत होतं. फक्त हा चेहरा कोणाचा, ते उमगत नव्हतं. आवाज कानावर पडला आणि मुलगा सापडला.

या अवस्थेला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. हे नाव 1947 मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी दिलं. मेंदूच्या खालच्या अंगाला, कानाच्या थोडं मागे आणि आत, फ्युजिफॉर्म नावाची एक लांबट वळी असते. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एमआरआयच्या साहाय्याने दाखवलं की तिथला एक छोटा भाग घरं, हात किंवा इतर वस्तू पाहताना जेवढा काम करतो, त्याहून कितीतरी जास्त चेहरे पाहताना करतो. बहुतेकांमध्ये तो उजव्या बाजूला अधिक ठळक असतो. त्या भागाला इजा झाली, की बाबांसारखं होऊ शकतं. काहींना कसलीही इजा नसताना हा त्रास जन्मापासून असतो. आपल्यात असं काही आहे याचा त्यांना कित्येक वर्षं पत्ताही नसतो, कारण इतरांना चेहरे कसे दिसतात हे त्यांना कोण सांगणार?

म्हणजे 'वेगळे कप्पे' ही तुमची शंका बरीचशी खरी आहे. याचा सगळ्यात बोलका पुरावा मला सी. के. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या कॅनडातल्या एका रुग्णाचा वाटतो. त्याच्यावरचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं बाबांच्या अगदी उलट होतं. डोक्याला मार लागल्यावर त्याला साध्या साध्या वस्तू पाहून ओळखता येईनात, पण चेहरे मात्र तो तुमच्या-माझ्याइतकेच सहज ओळखत असे. सोळाव्या शतकातल्या आर्चिम्बोल्दो या इटालियन चित्रकाराने फळं आणि भाज्या रचून माणसांचे चेहरे रंगवले आहेत. ती चित्रं दाखवली तेव्हा सी. के.ला चेहरा दिसला, तो ज्या भाज्यांचा केला होता त्या दिसल्या नाहीत. आणि सुलटे चेहरे झटकन ओळखणारा हा माणूस उलटे केलेले चेहरे ओळखताना इतरांपेक्षा फारच अडखळायचा.

हे उलट्या चेहऱ्याचं प्रकरण महत्त्वाचं आहे. घर किंवा विमान यांचं चित्र उलटं केलं तरी आपलं फारसं अडत नाही. चेहरा उलटा केला की ओळख एकदम मंदावते. रॉबर्ट यिन यांनी हे 1969 मध्येच नोंदवलं होतं. पुढे 1980 मध्ये पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांचा फोटो घेतला, त्यातले डोळे आणि तोंड तेवढे कापून उलटे चिकटवले आणि सगळा फोटोच उलटा धरला. तसा पाहिला तर त्यात विशेष काही खटकत नाही. सुलटा करताच अंगावर काटा येतो. याचा अर्थ असा, की डोळे, नाक, तोंड अशी यादी करून आपण चेहरा वाचत नाही, त्यांची एकमेकांशी असलेली ठेवण एका झटक्यात घेतो, आणि ती हातोटी फक्त सुलट्या चेहऱ्यावर चालते. बाबांची नेमकी तीच गेली. आता ते भुवया, केसांचा भांग, चष्म्याची काडी असं एकेक करून अंदाज बांधतात. मी चष्मा बदलला तेव्हा तो अंदाज कोलमडला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

मग मेंदूत चेहऱ्यांचे फोटो साठवलेले असतात का? मला पूर्वी तसंच वाटायचं. 2017 मध्ये ल चांग आणि डोरिस त्साओ यांनी माकडांच्या मेंदूतल्या सुमारे दोनशे पेशींची नोंद घेतली आणि त्या नोंदीवरून माकडाला दाखवलेला चेहरा जवळजवळ हुबेहूब पुन्हा काढून दाखवला. त्यातली एकेक पेशी एकेका माणसासाठी राखून ठेवलेली नव्हती. प्रत्येक पेशी चेहऱ्याच्या ठेवणीतलं एखादं मापच घेत होती. चेहरा म्हणजे अशा पन्नासेक मापांचा संच.

पण मापं कळली म्हणजे माणूस कळला असं होत नाही, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गंमत मला इथे वाटते. 2011 मध्ये रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे वीस-वीस फोटो एकत्र मिसळले आणि ब्रिटनमधल्या लोकांना दिले. एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे करा, एवढंच सांगितलं. त्या स्त्रियांना कधीच न पाहिलेल्या या लोकांनी साधारण सात-आठ ढीग केले. म्हणजे दोन बायकांच्या त्यांना सात-आठ दिसल्या! डच लोकांनी मात्र जवळजवळ बिनचूक दोनच ढीग केले. डोळे दोन्हीकडे सारखेच. फरक पडला तो सवयीने. एकच माणूस उन्हात, अंधारात, दमलेला, हसणारा असा शेकडो वेळा पाहिला, की त्याचा चेहरा किती बदलू शकतो हे मेंदू शिकतो. म्हणूनच एका फोटोवरून अनोळखी माणूस ओळखण्याच्या बाबतीत आपण स्वतःवर वाजवीपेक्षा जास्त भरवसा ठेवतो. गुन्ह्यांच्या साक्षींमध्ये या गैरसमजाची किंमत निरपराध माणसांनी मोजली आहे, हे मला फार अस्वस्थ करतं. ओळखीच्या चेहऱ्यांचा आपला साठा मात्र थक्क करणारा आहे: जेंकिन्स यांच्याच 2018 मधल्या अभ्यासात तो सरासरी 5,000 निघाला. कोणाचा 1,000, तर कोणाचा 10,000.

आवाजाचंही काहीसं असंच आहे. पास्कल बेलां आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मेंदूच्या कानाजवळच्या भागात, तिथल्या वरच्या घडीलगत, माणसाच्या आवाजाला खास प्रतिसाद देणारी जागा दाखवली. आवाजाची ओळख तर जन्माआधीच सुरू होते. 1980 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात तीन दिवसांचीही न झालेल्या बाळांना चोखणीवर चोखण्याची लय बदलून हवा तो आवाज ऐकता येत होता, आणि ती परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज निवडत होती. तरीही मोठेपणी, एकूण पाहता, चेहऱ्याच्या तुलनेत आवाजावरून माणूस ओळखणं आपल्याला कठीणच जातं. घरच्यांचा 'हॅलो' पुरतो, कारण तो हजारो वेळा ऐकलेला असतो. आणि हे कप्पे बंद दारांचे नाहीत. ओळखीच्या माणसाचा नुसता आवाज ऐकला तरी चेहऱ्यांचा तो फ्युजिफॉर्ममधला भाग जागा होतो.

वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो. 2008 मध्ये टिमोथी ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी लोकांना सलग 2,500 वस्तूंची चित्रं दाखवली, प्रत्येक फक्त तीन सेकंद. नंतर दोन चित्रांतलं आधी पाहिलेलं कोणतं, हे लोकांनी दहातल्या सुमारे नऊ वेळा बरोबर सांगितलं, अगदी एकाच प्रकारच्या दोन वस्तू समोर ठेवल्या तरीही. पण रोज हातात येणाऱ्या नाण्यावर काय कोरलंय ते आठवून काढायला सांगितलं, की आपली तारांबळ उडते. समोर आल्यावर ओळखणं आणि काही समोर नसताना मनातून बाहेर काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

आता तुमचं नावाचं कोडं सुटेल. चेहरा समोर असतो, तेव्हा तुम्हाला फक्त ओळखायचं असतं. नाव मात्र खोदून काढावं लागतं, आणि त्याला धरायला काहीच नसतं. समजा, दोन गटांना एकच चेहरा दाखवला. एका गटाला सांगितलं, 'हे सुतार आहेत, म्हणजे आडनाव सुतार'. दुसऱ्याला सांगितलं, 'हे सुतारकाम करतात'. शब्द तोच, पण दुसरा गट तो जास्त लक्षात ठेवतो. इंग्रजीत 1987 मध्ये याच धर्तीचा प्रयोग झाला आणि निष्कर्ष हाच निघाला. काम म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा असं कितीतरी त्याला चिकटतं. आडनाव एकटंच राहतं. म्हणून 'हे आमच्या जुन्या ऑफिसात होते, चहा बिनसाखरेचा घ्यायचे' एवढं आठवूनही नाव हुलकावणी देतं. क्रम बहुतेक असाच असतो: आधी ओळखीची भावना, मग माणसाची माहिती, शेवटी नाव. माहिती आठवत नाही पण नाव आठवतंय, असं जवळजवळ कधीच घडत नाही.

आणखी एक धागा आहे, तो भावनेचा. 1984 मध्ये रसेल बॉअर यांनी चेहरे न ओळखणाऱ्या एका रुग्णाला ओळखीचे चेहरे दाखवत पाच-पाच नावं वाचून दाखवली. त्याला काहीच सांगता येत नव्हतं, पण खऱ्या नावाला त्याच्या त्वचेवरचा घाम बऱ्याचदा वाढायचा. त्याच्या उलट टोकाला कॅप्ग्रा भ्रम आहे. त्यात चेहरा नीट ओळखू येतो, पण आपलेपणाची ती आतली लहर उठत नाही, आणि रुग्ण ठामपणे म्हणतो की ही माझ्या बायकोसारखी दिसणारी दुसरीच कोणीतरी आहे. बॉअर यांचा तो प्रयोग वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. 'तोंडाने ओळखत नसताना बाबांचं शरीर मला ओळखत असेल का?' हा प्रश्न डोक्यातून जाईना. ते तपासायला माझ्याकडे काही साधन नाही. ओळखत असावं, असं मला वाटतं.

तेव्हा नावं अडकतात म्हणून काळजी करू नका. नवीन माणूस भेटला की त्याच्या नावाला त्याच्याबद्दलची एखादी गोष्ट मुद्दाम जोडा आणि बोलताना ते नाव दोन-तीनदा वापरा, म्हणजे त्या एकट्या शब्दाला काहीतरी चिकटेल. मात्र नेहमीचे चेहरे, आवाज किंवा घरातल्या वस्तू अचानक ओळखू येईनाशा झाल्या, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा, कारण झटका असेल तर मिनिटं मोजायची असतात. आणि कोणी तुम्हाला रस्त्यात न ओळखता पुढे गेलं, तर एकदा हाक मारून पाहा. आम्ही घरी तेच करतो. दारातूनच म्हणायचं, "बाबा, मी आलो."