शॉक बसेल म्हणून घरातच बसायचं का?

आयसीडी म्हणजे छातीत कातडीखाली बसवलेलं, हृदयाचे जीवघेणे वेगवान ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र. या वेळची पत्रं त्याविषयीची आहेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय ५४) चार महिन्यांपूर्वी आयसीडी बसवलं. गेल्या महिन्यात आंघोळ करताना एक शॉक बसला. तेव्हापासून ते बाथरूमचं दार लावत नाहीत, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाणं बंद केलंय. मीही त्यांना बादली उचलू देत नाही. (गंगापूर रोड)

उत्तर : ताई, शॉकनंतर यंत्राची तपासणी झाली का, ते पत्रात नाही. झाली नसेल तर तिथून सुरुवात करा. शॉकच्या वेळचा हृदयाचा आलेख यंत्रात साठलेला असतो आणि दवाखान्यातल्या प्रोग्रामरवर (यंत्र तपासायच्या संगणकावर) तो दिसतो. ठोके खरोखर बिघडले होते, साध्या धडधडीला यंत्र फसलं, की हृदयात गेलेली वायर खराब झाली, हे त्यातून कळतं. आंघोळीतल्या शॉकबाबत आणखी एक शंका घ्यावी लागते. गिझरचं अर्थिंग खराब असेल तर हाताला जेमतेम जाणवणारा करंटही यंत्राला हृदयाचे वेगवान ठोके वाटू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा.

मग एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा : एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शॉकनंतर छातीत दुखतंय, धाप लागतेय, भोवळ येतेय, किंवा २४ तासांत दोन शॉक बसले, तर लगेच १०८. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल तर यंत्राच्या भरवशावर थांबू नका. १०८ला फोन करून छाती दाबायला घ्या. त्या वेळी शॉक सुटला तर तुमच्या हाताला फार तर मुंग्या येतील, इजा होत नाही.

आता दाराचं. शॉक बसला ती जागा टाळली की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं, आणि त्यामुळेच मनाची खात्री पटते की जागाच धोक्याची होती. पुढे जिना, बाजार, लग्नकार्य, एकेक गोष्ट सुटत जाते. यंत्राला जागा कळत नाही, ठोके कळतात. म्हणून डॉक्टरांना आकडा विचारा : यंत्र मिनिटाला किती ठोक्यांपासून उपचार सुरू करतं? तो १८० असेल तर चालताना १६०च्या आत राहायचं. पहिल्या आठवड्यात दार लोटून, कडी न लावता आंघोळ, तुम्ही बाहेर. ट्रॅकवर आधी दहा मिनिटं तुमच्यासोबत, मग एकट्याने. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. भीती पूर्ण जाण्याची वाट पाहत बसलात तर ट्रॅक कायमचा सुटेल.

डावा हात खांद्याच्या वर न नेण्याचं आणि वजन न उचलण्याचं पथ्य साधारण पहिल्या सहा आठवड्यांचं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर बादली त्यांना उचलू द्या. तुमची काळजी त्यांना रोज आठवण करून देते की आपण आजारी आहोत.

झोप उडणं, चिडचिड, कशात रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आयसीडी बसवलेल्यांत साधारण पाचातल्या एकाला अशी चिंता किंवा उदासी येते. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

प्रश्न : झोपेत शॉक बसल्यासारखं होऊन दचकून उठतो. दोनदा तपासलं, यंत्रात नोंद नाही. घरचे म्हणतात, भास आहे. (सिडको)

उत्तर : नोंद नाही म्हणजे शॉक सुटला नाही. तुम्हाला तो जाणवला, हेही खोटं नाही. याला फँटम शॉक म्हणतात. आधी खरा शॉक बसलेल्यांत आणि चिंता जास्त असणाऱ्यांत तो अधिक दिसतो. प्रत्येक वेळची तारीख-वेळ लिहून ठेवा, म्हणजे यंत्राच्या नोंदीशी पडताळता येईल. उपचार लागतो तो चिंतेवर आणि झोपेवर. मेडिकलमधून परस्पर गोळ्या मात्र आणू नका. नैराश्यावरच्या काही औषधांनी ठोक्यांची लय बिघडते.

प्रश्न : द्राक्षबाग आहे. मोटार, वेल्डिंग, झटका मशीन, फवारणी, यातलं काय सोडू? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घ्या. चालू मोटारीपासून दोन फूट लांब राहा, स्टार्टरला ओला हात नको. झटका कुंपणाची तार ठराविक अंतराने करंट सोडते. मशीन बंद केल्याशिवाय तिला हात लावू नका. पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा नेमका यंत्रावर रुतून कातडी सोलवटते आणि वायरलाही धोका, त्यामुळे तो पंप सोडलेला बरा. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा नाही, १५ सेंटिमीटर लांब हवा. स्पीकरचा मोठा लोहचुंबक छातीला टेकला तर तेवढ्या वेळापुरती यंत्राची शॉक देण्याची सोयच थांबते. ट्रॅक्टर कधी चालवायचा ते डॉक्टर ठरवतील. बेशुद्ध पडून शॉक बसला असेल तर काही महिने नाहीच. बाग सोडायचं कारण नाही.

प्रश्न : पतीपत्नीचे संबंध ठेवावेत का? विचारायला संकोच वाटतो. (नाशिक रोड)

उत्तर : दोन जिने धाप न लागता चढता येत असतील तर हरकत नाही. मधे शॉक बसलाच तरी जोडीदाराला इजा होत नाही. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी) अजिबात नको.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, कॅन्सर शेवटच्या टप्प्यात. यंत्राचे शॉक बसतात, ते बघवत नाही. (पंचवटी)

उत्तर : फक्त शॉकचा भाग बंद करता येतो. प्रोग्रामरने काही मिनिटांचं काम, टाका नाही, दुखणं नाही. पेसमेकरचा, म्हणजे मंद ठोक्यांना आधार देणारा भाग चालूच ठेवता येतो, आणि निर्णय बदलला तर शॉक पुन्हा सुरू होतात. बंद केल्याने त्या क्षणी मृत्यू येत नाही. पुढे ठोके बिघडले तर यंत्र मधे पडणार नाही, एवढंच. वडील बोलू शकतात तोवर त्यांनाच विचारा, भावंडांनी आपसात ठरवू नका. दवाखान्यात नेणं शक्य नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून छातीवर चिकटपट्टीने लोहचुंबक लावून शॉक थांबवता येतात. आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही : अमरधामला नेण्यापूर्वी यंत्र काढावं लागतं, आगीत त्याची बॅटरी फुटते. ते कोण काढणार, हे डॉक्टरांशी आताच बोलून ठेवा.