पात्रता, कोटा आणि आमंत्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काही जलतरणपटू आणि धावपटू पहिल्याच फेरीत खूप मागे पडले. एवढ्या मोठ्या स्पर्धेत फक्त गुणवत्तेवर पात्र ठरलेल्यांनाच घ्यायला नको का? – एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : पदकाच्या शर्यतीतल्या जागा गुणवत्तेवरच भरल्या पाहिजेत, आणि त्या तशाच भरल्या जातात. आमंत्रणाच्या मोजक्या जागा मात्र बंद करू नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

आधी जलतरणाचा हिशेब बघा. पॅरिसला एकूण ८५२ जागा होत्या. प्रत्येक प्रकाराला दोन पात्रता वेळा ठरवलेल्या असतात. त्यातली 'अ' वेळ गाठणाऱ्याला थेट प्रवेश, पण एका देशाचे एका प्रकारात जास्तीत जास्त दोघेच. 'ब' वेळ त्याहून अर्ध्या टक्क्याने संथ. ती गाठणाऱ्याला जागा उरली तरच बोलावणं. आणि ज्या देशाचं कुणीच पात्र ठरलं नाही, त्याला एक पुरुष आणि एक महिला पाठवण्याची मुभा, हेच ते आमंत्रण. म्हणजे आमंत्रणाची जागा 'ब' वेळ गाठलेल्या कुणाच्या तरी वाट्यातून जाते. हा अन्याय खरा आहे, तो लपवून चालणार नाही. पण पॅरिसला भारताचे श्रीहरी नटराज आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंघू हे दोघेही याच वाटेने गेले. ही वाट नसती तर तरण तलावात एकही भारतीय दिसला नसता.

किमान दर्जाची अट मात्र हवीच. सिडनीत २०००मध्ये इक्वेटोरियल गिनीच्या एरिक मुसांबानीने १०० मीटर फ्रीस्टाइलला १ मिनिट ५२.७२ सेकंद घेतले. सुवर्णविजेत्याची वेळ होती ४८.३०. दोष त्याचा नव्हता. ५० मीटरच्या तलावाचा सराव नसलेल्या माणसाला थेट तिथे उतरवलं गेलं, ही व्यवस्थेची चूक. ॲथलेटिक्सने यावर बरा तोडगा काढला आहे. १०० मीटरला आमंत्रितांची आधी प्राथमिक फेरी होते, त्यामुळे निकष गाठलेल्या धावपटूची लेन अडत नाही. १०,००० मीटर आणि स्टीपलचेसला तर असं आमंत्रणच नसतं.

उलट, कागदावरची 'गुणवत्ता' पोकळ असू शकते. २०१८च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये हंगेरीकडून उतरलेली एलिझाबेथ स्वेनी हाफपाइप स्कीइंगमध्ये (बर्फाच्या अर्ध्या नळीसारख्या उतारावर कसरती करत खाली येण्याचा प्रकार) शेवटची आली. तिला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. विश्वचषकाच्या ज्या फेऱ्यांत तीसही स्पर्धक नसत, तिथे न पडता खाली पोहोचून पहिल्या तिसांत येण्याचे गुण तिने जमवले. नियम पाळूनच ती पात्र ठरली. नियम ढिला असेल तर फक्त गुणवत्तेचा आग्रह धरून काय उपयोग?

प्रश्न : आपल्या कविता राऊत रिओ ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनला १२०व्या आल्या. त्याही आमंत्रणावरच गेल्या होत्या, असं एकाने सांगितलं. खरं आहे का? – एक वाचक, हरसूल

उत्तर : साफ चूक. रिओसाठी महिला मॅरेथॉनचा निकष २ तास ४५ मिनिटांचा होता. सावरपाड्याच्या कविताताईंनी फेब्रुवारी २०१६मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २:३८:३८ वेळ देऊन तो सहज ओलांडला. रिओला त्यांची वेळ २:५९:२९ होती, पण त्यामुळे पात्रता खोटी ठरत नाही.

बदलली ती रेषा. रिओत महिलांच्या मॅरेथॉनला दीडशेहून जास्त जणी धावल्या. पॅरिससाठी ८० जणींचं लक्ष्य ठेवलं आणि निकष २:२६:५० वर आणला. ओ. पी. जैशाचा २०१५चा राष्ट्रीय विक्रम २:३४:४३ आहे, म्हणजे तोही तिथे पुरला नसता. गुणवत्तेची रेषा कुठे ओढायची हे स्पर्धेत किती जणांना घ्यायचं यावर ठरतं, हे अशा गप्पांमध्ये विसरलं जातं.

चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळ यांचीही तीच गोष्ट. रोइंगमध्ये काही जागा खंडनिहाय असतात. दत्तू यांनी आशिया-ओशिनियाच्या पात्रता स्पर्धेत रौप्य मिळवून ती जागा कमावली आणि रिओत एकेरीत ते तेरावे आले. खंडाचा कोटा म्हणजे खैरात नव्हे.

प्रश्न : नेमबाजीत कोटा जिंकणाराच घरी बसतो, हे कसं? – एक पालक, नाशिक रोड

उत्तर : नेमबाजीतला कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली जागा, देशाचा असतो, नेमबाजाचा नाही. २०२२मध्ये कैरोत जगज्जेता झालेल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने १० मीटर एअर रायफलचा कोटा आणला, पण पॅरिसला तो गेला नाही. निवड चाचण्यांत इतर पुढे निघाले. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनेही कैरोतच कोटा मिळवला, त्यालाही चाचण्या द्याव्या लागल्या, आणि तो पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. मन दुखतं, पण पद्धत योग्य आहे. अट एकच : चाचणीचे नियम आधी छापून जाहीर झाले पाहिजेत. चाचणी सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नये.

प्रश्न : मुलगी रस्त्यावरच्या शर्यतीत उत्तम वेळ देते. ती वेळ पात्रतेसाठी धरतात का? – एक पालक, सिन्नर

उत्तर : सरसकट नाही. शर्यतीआधी आयोजकांकडे मार्गाचं मोजमाप प्रमाणपत्र मागा. ते पाच वर्षांच्या आतलं हवं. मार्ग मान्यताप्राप्त मोजणीदाराने, चाकाला काउंटर लावलेल्या सायकलने मोजलेला असावा. अंतर कमी भरू नये म्हणून मोजताना हजारात एक भाग वाढवतात, म्हणजे मॅरेथॉनला साधारण ४२ मीटर. आयोजकाने मोबाइलच्या जीपीएसवर मोजलेलं अंतर चालत नाही.

मग उतार. किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त निव्वळ उतार नको. त्र्यंबकेश्वरहून नाशिककडे येणारा रस्ता तीसेक किलोमीटरमध्ये शंभर मीटरहून अधिक उतरतो, तेव्हा त्या दिशेची वेळ कितीही देखणी असली तरी पात्रतेच्या कामाची नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंतच चालते. अधिकृत वेळ सुरुवातीच्या बंदुकीपासून धरतात, धावपटूने रेषा ओलांडल्यावर सुरू होणाऱ्या चिपच्या वेळेपासून नाही. म्हणून तिला गर्दीच्या मागे उभं करू नका. आणि निकषाच्या तारखा आधीच बघून ठेवा. पॅरिस ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनसाठी हा काळ ३० एप्रिल २०२४ला संपला. १ मेची वेळ कुणीही धरली नसती.