दोन ओळी उसवायला वेळ होता

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते, वय ४१. विमा कंपनीत नोकरी करते. सकाळी साडेसातला घर सोडते ती संध्याकाळी साडेसातलाच परत. घरी मिस्टर, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. हाताने काही करत राहायची मला पहिल्यापासून आवड. आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांची पाच बाय सात फुटांची गोधडी करायला घेतली, त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या. चार थर टाचून झालेत, एका कडेपासून धावदोऱ्याच्या सात-आठ ओळी घातल्यात आणि आता ती दिवाणात पडून आहे. रविवारी काढावी तर पाहुणे तरी येतात, नाहीतर मुलीचा क्लास असतो. मिस्टर म्हणतात, विकत आण की. घरात कलेची किंमत कुणालाच नाही. मध्ये मी ऑफिसात असताना सासूबाईंनी दोन ओळी घातल्या होत्या, पण त्यांचे टाके मोठे आणि वाकडे पडतात म्हणून रात्री मी त्या उसवल्या. मी व्हिडिओ बघून बारीक, एकसारखे टाके शिकले आहे. आता वाटतं, शनिवारी दादरला एक वर्ग असतो तिथे नाव घालावं, म्हणजे निदान दोन तास माझे असतील. की पहाटे पाचला उठू? वेळ काढायचा तरी कसा?

– एक वाचक, डोंबिवली

—

तुमच्या घरात एक बाई आहे, जिने कुणी न सांगता दिवाणाची जड फळी उचलली, गोधडी बाहेर काढली, ७४व्या वर्षी सुईत दोरा ओवला आणि सात-सात फुटांच्या दोन ओळी घातल्या. त्या बाईचं काम तुम्ही दिवसभर दमून आल्यावर, रात्री बसून, उसवलंत. आणि त्याच पत्रात लिहिता की घरात कलेची किंमत कुणाला नाही.

मला याचा राग आला, तो लपवत नाही. मिस्टरांचं ‘विकत आण’ आणि रविवारचे पाहुणे यांच्याबद्दल मी आज काहीच बोलणार नाही. तुमची गोधडी त्यांच्यामुळे अडलेली नाही.

आधी हिशेब करू. पाच फूट रुंदीत इंचाला एक ओळ धरली तर साधारण ५८ ओळी होतात. आठ झाल्या, पन्नास राहिल्या. एक ओळ सात फुटांची, म्हणजे ८४ इंच. तुम्ही म्हणता तसे बारीक, इंचाला आठ टाके घालायचे तर एका ओळीत ६७० च्या वर टाके. चार थरांतून इतका बारीक टाका एका वेळी एकच निघतो, फार तर दोन. ओळीला तास कमी पडतो. महिन्यातून दोन रविवार एकेक तास मिळाला तर पन्नास ओळींना दोन वर्षं पुरणार नाहीत. हाच टाका इंचाला तीन घेतला तर ओळीत अडीचशे टाके होतात, सुईवर तीन-चार एकदम चढतात आणि ओळ वीस मिनिटांत संपते. पन्नास ओळींचे सतरा तास. वेळ कुठे जातो ते दिसलं का?

गोधडीला बारीक टाका लागतच नाही. बारीक टाक्याचं काम वेगळं असतं. बंगालच्या कांथा भरतकामात टाक्यांनीच चित्र भरायचं असतं, म्हणून तो बारीक घेतात. गोधडीत टाक्याला एवढंच करायचं असतं, की थर एकमेकांवरून सरकू नयेत. त्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढा टाका भरपूर झाला. तुम्ही बहुधा ज्या जपानी साशिकोचे व्हिडिओ पाहिले असतील, तिथेही टाका साधारण तेवढाच असतो आणि तेही मुळात शेतकरी-कोळ्यांच्या घरातलं, कपडा टिकावा म्हणून घातलेलं शिवणच आहे.

टाका फार मोठा झाला तर काय बिघडतं, तेही सांगते, कारण तुमची तक्रार अगदीच खोटी नाही. टाका करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षा, म्हणजे सेंटीमीटरभरापेक्षा, मोठा झाला की त्यात पायाचं नख अडकतं, जोडवी अडकते, दोरा तुटतो आणि तुटल्या जागेपासून ओळ सुटत जाते. पण त्यावर उसवणं हा उपाय नाही. मोठ्या टाक्यांच्या ओळीशेजारी अर्ध्या इंचावर आणखी एक ओळ घालायची, विटांच्या थरांसारखी सांधा सोडून. काम पक्कं होतं आणि दिसतंही छान. जुन्या साडीवर उसवणं उलट धोक्याचं. विरलेल्या सुती कापडातून ओवलेला दोरा ओढला की वीण फाकते, जाळी पडते आणि दोन-तीन धुण्यांत तिथेच फाटतं. तुम्ही उसवलेल्या दोन ओळींची जागा उजेडात धरून बघा. जाळी दिसली तर आतून साडीचाच तुकडा लावून घ्या.

वाकड्या ओळींचं तर सोपं आहे. हार्डवेअरच्या दुकानात एक इंची मास्किंग टेप मिळते. आधीच्या ओळीला लागून ती सरळ चिकटवायची, तिच्या दुसऱ्या कडेने टाके घालायचे, ओळ झाली की काढायची. अंतरही आपोआप इंचाचंच राहतं. टेप रात्रभर मात्र ठेवू नका, तिचा गोंद कापडाला लागतो. टेप नसेल तर संपत आलेल्या साबणाच्या चिपेने रेघ मारा, धुतली की जाते.

आता काय करायचं ते ऐका. ही गोधडी सासूबाईंच्या हातात द्या. ‘मदत करा’ म्हणून एक कोपरा देणं वेगळं, मी अर्धी गोधडी म्हणते आहे. दुपारची ओळ त्यांची, रात्रीची तुमची.

एकाआड एक म्हणते, त्याला कारण आहे. दोघी जणी गोधडी करायला बसल्या की पहिला विचार येतो, एकीने या कडेने यावं, दुसरीने त्या कडेने. तसं अजिबात करू नका. टाके घालताना वरचा थर रोज थोडा थोडा पुढे ढकलला जातो. दोन्हीकडून आलात तर तो सगळा ढिलेपणा मधोमध जमतो आणि तिथे फुगा येतो, तो मग कशानेही बसत नाही. तुम्ही एका कडेपासून सुरुवात केलीच आहे, तर दोघींनी त्याच दिशेने पुढे जायचं. त्यांनी दुपारी जिथे सोडलं तिथून रात्री तुम्ही. त्यांची मोठ्या टाक्यांची ओळ आणि तुमची लहान टाक्यांची ओळ अशी एकाआड एक आली की आपोआप पट्टे पडतात, मुद्दाम नक्षी धरल्यासारखे.

येत्या रविवारी दीड तास काढा, पण ओळी घालायला नव्हे. दोन दिवाळ्या घडी करून ठेवलेल्या गोधडीचे कच्चे टाके ढिले झालेले असणार. फरशी पुसून वाळू द्या, गोधडी सपाट पसरा, खालचा थर चारही बाजूंनी ताणून टेपने फरशीला चिकटवा आणि मधल्या भागापासून कडांकडे हाताने सारवत, वीतभर अंतरावर, उभे-आडवे कच्चे टाके पुन्हा घाला. मधूनच सुरू करायचं, म्हणजे सुरकुती बाहेर निघून जाते. दिवाणात सुई तशीच टोचून राहिली असेल तर तिथे गंजाचा डाग सापडेल, तो आत्ताच बघून ठेवा. आणि हो, जमिनीवर गोधडीवरच बसून टाके घालताना आपला गाऊन किंवा पदर खाली शिवला जातो. चार-पाच टाक्यांनंतर एकदा खाली हात फिरवून बघायची सवय लावा.

त्यानंतर गोधडी दिवाणात जाता कामा नये. घडी घालायची नाही, गुंडाळी करायची आणि सासूबाईंच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर जुन्या चादरीखाली ठेवायची. घडीने कच्चे टाके ओढले जातात, गुंडाळीने जात नाहीत. त्यांना जमिनीवर बसवू नका. हाताच्या खुर्चीत बसून मांडीवर गुंडाळी ठेवायची, कामाचा फूटभर पट्टा तेवढा उघडा.

त्यांना खरा त्रास टाक्याचा नसून सुई ओवायचा असतो. या वयात सर्वांत जास्त वेळ आणि धीर त्यातच जातो. दहा सुया आणा, जरा मोठ्या नेढ्याच्या. भरतकामाची सहा पदरी सुती लडी घ्या, त्यातले तीन पदर वेगळे करा, दोन फुटांचे तुकडे करा. त्याहून लांब दोरा घेऊ नका, गुंता होतो आणि सारखा घासून शेवटी-शेवटी पिंजतो. मशीनचा एकेरी दोरा तर घेऊच नका, गोधडीत तो टिकत नाही. अशा दहा सुया तुमचा मुलगा शाळेत जाण्याआधी पाच मिनिटांत ओवून ठेवेल. एका ओळीला पाच सुया लागतात, म्हणजे दहांत दोन ओळी निघतात, एक त्यांची आणि एक तुमची. आठ मीटरच्या एका लडीत तीन पदरांनी पाच ओळी होतात, पन्नास ओळींना दहा लड्या आणा. लाल किंवा निळा दोरा घेणार असाल तर ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा, रंग उतरला तर तो नकोच. कापडाच्या उलट रंगाचा दोरा घ्या, हलक्या साडीवर गडद. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसायला सोपं जातं. गडद साड्यांचा भाग दिवसाच्या उजेडात त्यांच्याकडे जाईल असं बघा, रात्री ट्यूबच्या उजेडात गडद कापडावरचे टाके तुम्हालाही नीट दिसणार नाहीत.

रात्री झोपताना सुया मोजायच्या. दहाच्या दहा पिनकुशनमध्ये परत आल्याशिवाय गोधडी गुंडाळायची नाही. मुलांच्या अंथरुणात जाणारी वस्तू आहे, यात हयगय नको.

दोरा ओढताना एक लक्षात ठेवा, हे तुमच्यासाठी. बारीक काम करणाऱ्यांना दोरा घट्ट ओढायची खोड असते. गोधडीत ओढलात की चुण्या पडतात आणि सात फुटांची गोधडी साडेसहाची होते. ओळ झाली की अंगठ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट करत जा, मगच दोरा थरांच्या मध्ये लपवून बंद करा. सासूबाईंचे मोठे, सैल टाके या बाबतीत तुमच्यापेक्षा बरे पडणार आहेत.

सासूबाई आठवड्याला पाच दुपारी बसल्या आणि तुम्ही चार रात्री, तर नऊ ओळी होतात. पन्नास ओळी सहा आठवड्यांत संपतात. त्यासाठी पहाटे पाचला उठायची काही गरज नाही. बारा तास घराबाहेर राहणाऱ्या बाईने झोप मोडून गोधडी शिवू नये. जेवणं आटोपल्यावर वीस मिनिटं, एवढंच.

सुरुवात रविवारची वाट न बघता आज रात्री करा. सासूबाईंपुढे गोधडी उघडा आणि म्हणा, ‘आई, तुमच्या ओळी मी उसवल्या, माझं चुकलं. पुढची ओळ तुम्ही घाला.’ त्या नको म्हणतील, ‘माझे टाके कुठे चांगले’ म्हणतील. तेव्हा समजूत काढत बसू नका, ओवलेली सुई हातात द्या. त्यानंतर टाक्यांबद्दल एकही सूचना करायची नाही. टाका नखाबाहेर गेला तर शेजारची ओळ तुमचीच आहे, तिथे सांभाळून घ्या.

राहिला शनिवारचा वर्ग. पैसे भरले नसतील तर भरू नका. धावदोरा तुम्हाला येतो, आणि दादरला जाऊन-येऊन वर्गाच्या दोन तासांचे चार होतात. तोच शनिवार घरी धरा. दुपारी दोघी समोरासमोर बसलात तर चार तासांत पंधरा-सोळा ओळी सहज होतील. गोट लावायची वेळ आली की रंग त्यांना निवडू द्या, आणि पट्टी अडीच इंचाची कापा, त्याहून अरुंद पट्टी चार थरांवरून वळवायला त्रास होतो.