पुठ्ठ्याचा तारा सोडा, दिवाळीच्या कामट्या बाहेर काढा

नाताळची सजावट घरच्या घरी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय आणि पुठ्ठ्याच्या ताऱ्याने दोन दिवसांत माना टाकल्या, असंही लिहिलंय. माझा तर एका रात्रीत वाकला होता. तुमची सहा वर्षांची मुलगी, गोरेगावचं वन रूम किचन, खर्च कमी आणि थर्माकोल नको, एवढं लक्षात घेऊन सांगते. (थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदीच आहे, तेव्हा तो विषय संपला.)

घरी कधी आकाशकंदील केला असेल, तर नाताळचा तारा तुम्हाला अर्धा येतोच. मी तो माहीमच्या आमच्या चाळीत, शेजारच्या आंटींकडून शिकले. दिवाळी झाली की त्या आमच्याकडे उरलेल्या कामट्या मागायला यायच्या आणि डिसेंबरात त्याच कामट्या तारा होऊन गॅलरीत लटकायच्या.

60 सेंमीच्या दहा कामट्या घ्या. बुरुडाकडे मिळतील, नाहीतर जुना कंदील मोडा. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंमीवर पेनाने खूण करा, मधे 14 उरतात. आता पाच कामट्या ताऱ्यासारख्या अशा मांडा की खुणेवर खूण येईल. एक वरून, एक खालून अशा गुंफल्या की सांगाडा हातात धरला तरी सुटत नाही. मग टोकं आणि खुणा सुती दोऱ्याने बांधा. नायलॉनची गाठ सरकते. असाच दुसरा तारा करा. दोन्ही एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं बांधायची आणि मधल्या पाच खुणांपाशी दोन ताऱ्यांच्या मधे 14 सेंमीच्या काड्या उभ्या सारायच्या. तारा पोट फुगवून बसतो. आंटी ओरडायच्या ते इथे, "एक काडी पुरती बसवून मोकळी होऊ नको गं, पाची जरा जरा सरकव!" घाई केली की कामटी तडकते.

काडी 14 चीच का, तर मग पुढचे, मागचे, बाजूचे सगळे त्रिकोण जवळपास सारखे येतात: 23, 23 आणि 14. पुठ्ठ्याचा एकच साचा करायचा आणि कडेला दीड सेंमी जादा सोडून कागदाचे वीस त्रिकोण कापायचे. कापायचं काम लेकीला द्या. पुढच्या मधल्या जागेत कागदाचा एक पंचकोन लावा, मागचा बल्बसाठी उघडा ठेवा.

कागद पतंगाचा घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर हवे ते रंग मिळतात. चिकटवायला मैद्याची खळ: दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर सतत ढवळत. गणपतीच्या मखराला हीच खळ दोन दिवस ओली राहते. डिसेंबरात मुंबईची हवा त्या मानाने कोरडी, त्यामुळे कागद वाळता वाळता ताणला जातो आणि टिचकी मारली की टणटण वाजतो. बल्ब मात्र छोटा एलईडीच. मी पहिल्या वर्षी 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब सोडला होता. वास आला म्हणून पाहायला गेले, तर वरचा त्रिकोण चहाच्या रंगाचा झालेला.

खिडकी लहान असेल तर खराट्याचे हीर वापरा. 30 सेंमीचा हीर, खूण साडेअकरावर, मधली काडी 7 ची.

झाड आणाच असं मी म्हणणार नाही, तेवढ्या जागेत अडगळ होते. आणि कापसाचा बर्फ मला कधीच पटला नाही. 25 डिसेंबरला आपण पंखा लावून झोपतो! त्यात दिव्यांच्या माळेजवळ कापूस म्हणजे नसती जोखीम.

त्यापेक्षा येशूच्या जन्माचा गोठा करा. दिवाळीचा किल्ला केला असेल तर हात बसलेलाच आहे. चुरगळलेल्या खाकी कागदाचा डोंगर, थोडा पेंढा, खोक्याचं छप्पर. 1223 साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. आपल्याला मातीची खेळणी चालतील. माझ्या लेकाने एकदा मेंढपाळ म्हणून किल्ल्यावरचे मावळे उभे केले होते. आंटींनी ते हलवू दिले नाहीत, फक्त भाले काढून घेतले. बाळ येशू मात्र 24 च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नाही, तोवर गव्हाण रिकामी. लेकीला ही वाट बघणंच सगळ्यात आवडेल. बाळ येशूला भेटायला येणारे तीन राजे 6 जानेवारीला पोचतात, म्हणून तोवर गोठा मोडायचा नाही.

गोठ्याभोवती हिरवळ हवी तर नाचणी पेरा, घटाला रुजवण घालतो तशी. रात्रभर भिजवून ताटलीतल्या मातीवर दाट पसरायची, दोन-तीन दिवस झाकून ठेवायची, मग उजेडात. 12-13 डिसेंबरच्या पुढे गेलात तर नाचणी नको, गहू टाका; तो लवकर वर येतो.