घरात कुणी ऐकतच नाही!

"मॅडम, जेवायला बसलं तरी हिचं हवामानबदल, हवामानबदल चालूच. हिला काही झालंय का?" अशी काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक हल्ली वाढलेत. मुलांची तक्रार नेमकी उलटी असते: "घरात कुणाला पडलेलीच नाही."

आधी पालकांसाठी. 2021 मध्ये भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार मुलामुलींची पाहणी झाली. 59 टक्के जणांना या प्रश्नाची फार किंवा अतिशय काळजी वाटत होती. ज्यांनी कुणाशी तरी हे बोलून पाहिलं, त्यांतले 48 टक्के म्हणाले, आमच्याकडे दुर्लक्ष झालं किंवा आम्हाला उडवून लावलं. तेव्हा तुमचं मूल जगावेगळं नाही.

मृण्मयी (नाव बदललंय) ऐरोलीची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. झोप उडालेली, बाबांशी अबोला. घरच्या ग्रुपवर ती तापमानाचे आलेख टाकायची. काका हसरे चेहरे पाठवायचे आणि बाबा लिहायचे, "आमच्या वेळी काय उन्हाळा नव्हता? आधी चीन-अमेरिकेला सांग."

मी विचारलं, "बाबांनी काय केलं म्हणजे तुला बरं वाटेल?"

"मान्य करायला पाहिजे. सगळं."

"आणि नाही केलं तर?"

"तर ते बेजबाबदार आहेत. संपलं."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. त्यांचं म्हणणं, माणसाला त्रास होतो तो इच्छेने नाही, इच्छेचा हट्ट झाला की. बाबांनी समजून घ्यावं ही इच्छा रास्तच. पण त्यांनी घेतलंच पाहिजे, नाहीतर ते माणूस म्हणून वाईट, हा हट्ट. तिची झोप उडवत होता तो हा हट्ट.

"पण मी खोटं बोलत नाहीये!" ती उसळली.

"नाहीच. काळजी ठेव. हट्ट तेवढा सोडून बघू."

मग ठरलं, आठवडाभर एकही आलेख टाकायचा नाही. बाबांना फक्त गावच्या वाडीबद्दल विचारायचं आणि मध्ये बोलायचं नाही. गाव श्रीवर्धन, वाडी सुपारीची.

पुढच्या वेळी ती आली ती बोलतच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. लॉकडाऊन, फोन बंद, बाबा इकडे अडकलेले. नंतर गेले तेव्हा आजोबांनी लावलेल्या पोफळी आडव्या पडल्या होत्या, काही मधोमध मोडलेल्या. नवी रोपं लावली, पण ती धरायला वर्षं जाणार. तासभर सांगून झाल्यावर बाबा आपणहून म्हणाले, "समुद्र पूर्वीसारखा राहिला नाही गं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. 'बघा, मी सांगत होते ना' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं."

आमची खरी मजल इथे मारली गेली, असं मी मानते. हट्ट सुटला की माणसाला समोरच्याचं ऐकायला जागा होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पुढे एवढंच सुचवलं, की त्या एका वादळाचं खापर थेट हवामानबदलावर फोडू नकोस, ते शास्त्राला धरून नाही. अरबी समुद्र तापतोय आणि तिथली वादळं वाढलीत, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी दाखवलंय. तेवढं सांग.

2021-22 मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने भारतात केलेल्या पाहणीतही बाबांसारखीच माणसं दिसतात. जागतिक तापमानवाढीबद्दल थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही, असं 54 टक्के लोक म्हणाले. तीच गोष्ट दोन वाक्यांत समजावून विचारल्यावर 84 टक्के म्हणाले, हो, हे घडतंय. म्हणजे मुलांनो, घरातली माणसं बहुधा विरोधात नसतात. अनुभव त्यांच्या गाठीशी असतो, पण तो या विषयाशी जोडून कुणी दिलेला नसतो. आकड्यांआधी त्यांची वाडी, त्यांचा पाऊस, त्यांचं वीजबिल विचारा.

पालकांनो, "तू अभ्यासाचं बघ" म्हणून विषय मिटवू नका. आणि झोप, जेवण, अभ्यास काही आठवडे सलग बिघडलेलं दिसलं, तर वाट न पाहता समुपदेशकाला भेटा.

मृण्मयी आता झोपते. बाबांशी वाद होतात, पण अबोला नाही. काकांचे हसरे चेहरे मात्र चालूच आहेत. त्याला माझा इलाज नाही. काका काही माझ्याकडे आलेले नाहीत.