गुलाबांआधी विळे

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

हंगेरीच्या संत एलिझाबेथवरचं तुझं टिपण वाचलं. पदराखालच्या भाकरीचे गुलाब झाले ही गोष्ट तू सगळ्यात वर घेतलीस. गोड आहे, पण ती मागाहून जोडली गेली. तिच्या सख्या-दासींनी तिच्या मृत्यूनंतर ज्या साक्षी दिल्या, त्यांत ती नाही. धान्यवाटपाच्या कामात पडलीच आहेस, तर त्या साक्षी तुला जास्त उपयोगी पडतील.

१२२६ चा दुष्काळ घे. नवरा, जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांताचा राजा म्हणावा असा लुडविग चौथा, सम्राटाकडे इटलीत गेलेला. ही जेमतेम एकोणिशीची. वार्टबुर्ग किल्ल्यावरची कोठारं तिने उघडली, पायथ्याशी रुग्णालय काढलं. धान्य मात्र त्या-त्या दिवसापुरतंच द्यायची. आणि सुगी आली तशी धडधाकट माणसांना सदरे, विळे आणि धसकटं टोचू नयेत म्हणून पायांत जोडे दिले. कापणी करा, स्वतःचं मिळवा! धसकटांचा विचार करणारी राजकन्या मला गुलाबांपेक्षा मोठी वाटते. लुडविग परतल्यावर कारभाऱ्यांनी तक्रारी केल्या; तो बायकोच्या बाजूने उभा राहिला.

दुसरं, ताटाचं. समोरचं अन्न कुठून आलं याची ती चौकशी करायची. रयतेकडून जुलमाने उकळलेलं असेल तर शिवायची नाही. भरल्या पंगतीत उपाशी बसायची. कधी दासींना सांगे, आज नुसतं खायचं. कधी, आज नुसतं प्यायचं. दोन्ही चालणार असलं की टाळ्या वाजवायची. तुमच्या संस्थेला देणगी देणाऱ्याचा पैसा कुठला, हे तूही विचार. राग येईल लोकांना, येऊ दे.

१२२७ मध्ये लुडविग क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, वाटेवर इटलीतल्या ओत्रान्तोला वारला. पुढे तिच्या हक्काच्या रकमेतले पाचशे मार्क (त्या काळचं चलन) तिने जर्मनीतल्या मारबुर्गला एका दिवसात वाटले. नियम असा की, जागा बदलून दुसऱ्यांदा हात पसरेल त्याचे केस कापायचे. त्यात एका मुलीचे सुंदर केस गेले. ती बिचारी आजारी बहिणीला बघायला आलेली! ती मुलगी पुढे रुग्णालयात कामाला लागली खरी. पण हा प्रसंग मला अजून पचत नाही. तुमच्या रांगेत दोनदा कुणी आलंच तर आधी विचार, मग यादी दाखव. त्याच रात्री जे अशक्त लोक मागे राहिले, त्यांना तिने आणखी पैसे दिले, भाकरी दिली, शेकोट्या पेटवल्या. लोक गाऊ लागले. माणसांना आनंदी करायला हवं, हे मी म्हणतच होते, असं ती सख्यांना म्हणाली.

आता कोनराडबद्दल. तिचा हा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू तिला मारायचा, लहानपणापासूनच्या सख्याही त्याने तोडल्या. १७ नोव्हेंबर १२३१ ला ती गेली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. १२३५ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी तिला संत घोषित केलं. म्हणून त्याचा मार बरोबर ठरत नाही. टिपणात तू त्याला ‘कठोर पण हितचिंतक’ म्हटलंयस, ते खोड. आणि सेवेच्या नावाखाली तुझं जेवण, झोप, मैत्रिणी तोडायला सांगणारा कुणी भेटला, तर त्याच दिवशी मला फोन कर.

तुझा,
काका