पिल्लू चावतं, अंगावर उड्या मारतं, भुंकतं

चार महिन्यांचं पिल्लू चावतंय म्हणून ते आक्रमक आहे असं मुळीच समजू नका. साधारण 4 ते 6 महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. दात लागले की हात झटकू नका, त्याला तो खेळच वाटतो. हात सैल सोडा, खेळ थांबवा, अर्ध्या मिनिटाने चघळायचं खेळणं पुढे करा. तोंडावर मारणं, जबडा दाबून धरणं कृपा करून नकोच. त्याने पिल्लू हाताला घाबरायला लागतं आणि घाबरलेला कुत्रा खरंच चावतो.

आणखी एक, संध्याकाळी फारच चावत असेल तर बहुतेक ते दमलेलं असतं. या वयात दिवसाला 18 तासांच्या आसपास झोप लागते. शांत जागी झोपवून बघा.

उडी मारली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच लाड करा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, पाहुण्यांनीसुद्धा. एकाने जरी उडीला दाद दिली तरी सवय सुटत नाही.

भुंकण्यावर ओरडू नका. आधी कारण शोधा: कंटाळा, भीती की लक्ष वेधणं? लक्ष वेधण्यासाठी असेल तर गप्प झाल्याक्षणी खाऊ द्या. सुरुवातीला भुंकणं थोडं वाढेल, तेव्हा माघार घेऊ नका.